एका ओळीतल्या खुणा

२ तारीख, सोमवार

पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. जिना चढताना सासूबाई दोनदा थांबल्या आणि दोन्ही वेळा म्हणाल्या, "दम नाही लागला, आजूबाजूला बघतेय." आजूबाजूला भिंत होती.

ही वही मुद्दाम घेतलीय. औषधाच्या दुकानात सतरा वर्षं काउंटरमागे उभी राहून मी डॉक्टरांची अक्षरं तेवढी लावली, स्वतःच्या अशा चार ओळी कधी लिहिल्या नाहीत. आता आयुष्य बदलायच्या बेतात आहे, तर नोंद असावी. बेत असा. नवरा गेली पाच वर्षं परदेशात पुलांच्या कामावर आहे. पहिली तीन वर्षं दर वर्षी घरी यायचा, गेली दोन वर्षं जमलं नाही. काम तसंच आहे. म्हणून मी आता नोकरी सोडून त्याच्याकडे कायमची राहायला यायचं ठरवलंय. तो म्हणाला, "बघू, आधी ये तर खरी." म्हणून सध्या सुट्टी काढून आलेय, आणि मालकांनी मला चौदा तारखेपर्यंत मुदत दिलीय. सोडणार की नाही ते कळवायचं, म्हणजे त्यांना माझ्या जागी दुसरं माणूस घेता येईल.

सासूबाई बरोबर आहेत कारण त्यांनी एक्केचाळीस वर्षं चालवलेलं रहस्यकथांचं वाचनालय गेल्या महिन्यात बंद केलं. गुडघ्यांनी संप पुकारला. मग म्हणाल्या, "तू त्याच्याकडे जातेच आहेस, तर वाटेत मला फक्त खुनाचीच पुस्तकं विकणारी दुकानं दाखव. तेवढं पाहिलं की मी मरायला मोकळी." मी कायमची इकडे आल्यावर त्या तिकडे एकट्या काय करणार, हा विषय निघाला की त्या पुस्तक उघडतात.

नवऱ्याने बारा तारखेनंतर यायला सांगितलंय. त्याआधी तो दूरच्या साइटवर आहे.

३ तारीख, मंगळवार

पहिलं दुकान. दारात पाऊल टाकलं आणि सासूबाई देवळात शिरल्यासारख्या गप्प झाल्या. कपाटं खुनाच्या पद्धतीप्रमाणे लावलेली. विष, सुरा, पिस्तूल, आणि एका कपाटावर "अपघात वाटावा असा". मी विषाचं कपाट उघडलं. तीन पुस्तकं चाळली, तिन्हींत डोस चुकलेला. एकात तर माणूस जेवढ्या गोळ्यांनी मेला, तेवढ्यांनी फार तर उलट्या होतील. मालकाला सांगितलं, तर तो खूश होऊन वही घेऊन आला आणि मी सांगेन ते लिहून घ्यायला लागला. उंच, वाकलेला, भुवया वर चढलेल्या. सासूबाईंनी त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं.

जुन्या पुस्तकांच्या टेबलापाशी त्या प्रत्येक पुस्तकाचं पान एकतीस उघडून बघत होत्या. इन्स्पेक्टरने कारण विचारलं. मग त्यांनी अर्धं हातवाऱ्यांनी आणि अर्धं माझ्या तोंडून वाचनालयाचा कायदा सांगितला. रोज पुस्तकं नेणाऱ्यांना हे आपण वाचलंय की नाही ते आठवत नाही, म्हणून ते खूण करतात. खूण करायचीच, तर पान एकतीसवर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, शेंगदाण्याएवढी. एकतीसच का? तर पहिली पानं फाटतात आणि शेवटचं आधी उघडायचं नसतं. हे शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून. मी शेवटचं पान वाचूनच पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवते, हे लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात त्यांना कळलं होतं आणि एकोणीस वर्षांत त्या ते विसरलेल्या नाहीत.

एका घरात एकच कार्ड असायचं, म्हणून एका घरातली माणसं आपापल्या खुणा एकाच ओळीत, एकमेकींना चिकटून करायची. परक्याने त्या ओळीत खूण केली, तर सासूबाई दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर विचारायच्या, "यांच्या घरी राहायला गेलात का?" इन्स्पेक्टर पोट धरून हसला.

५ तारीख, गुरुवार

नवऱ्याचा फोन. उद्या जातोय त्या गावाचं नाव सांगितलं, तर म्हणाला, "तिथलं दुकान कशाला? धूळ खात पडलंय. दोन-चार दिवस तिथेच आराम करा, नाहीतर दुसरं काही बघा." तुला काय माहीत, विचारलं तर म्हणे कुणीतरी सांगितलं. बिचारा, आमची दगदग होऊ नये म्हणून सांगतोय.

सासूबाईंना निरोप दिला. "धूळ आहे?" त्या म्हणाल्या. "मग तर गेलंच पाहिजे."

६ तारीख, शुक्रवार

छोटं गाव. नवऱ्याच्या शहरापासून गाडीने दोन तास. दुकान नदीकाठच्या गल्लीत, धूळ अजिबात नाही. मालकीणबाई धिप्पाड, उजवा हात गळ्यात अडकवलेला. शिडीवरून पडली म्हणे. वाचून झालेली पुस्तकं ती परत घेते आणि बदल्यात दुसरी देते. परत आलेल्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर तारखेचा शिक्का मारते, म्हणून मागच्या खोलीत छतापर्यंत चळत.

आणि त्या खोलीत काय सापडलं! सासूबाई नेहमीप्रमाणे पान एकतीस बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "अगं, इकडे ये." पाहिलं, तर मासा. नवऱ्याची खूण! शाळेत असल्यापासून तीच आहे त्याची, शेपटी डावीकडे आणि डोळा नाही. डोळा काढायचा कंटाळा. मी आनंदाने ओरडलेच. मग आम्ही दोघींनी मिळून सगळी चळत उपसली. मासेवाली सात पुस्तकं निघाली. मला रडूच आलं. म्हटलं, "बघा आई, एकटा पडलाय, तर तुमच्या वळणावर गेलाय."

प्रत्येक माशाला चिकटून एक छोटं फूल आहे, पाच पाकळ्यांचं. त्याच्यानंतर पुस्तक घेणाऱ्या कुणीतरी त्याची खूण बघून आपलीही केली असणार. मी म्हटलं, "तुमचा कायदा इथेही लागू झाला." एका पुस्तकात मात्र पानभर लाल खडूच्या रेघोट्या. लोक पुस्तकं कशी हाताळतात! शिक्के गेल्या सात-आठ महिन्यांतले, शेवटचा गेल्या महिन्यातला. तेव्हा तर हा साइटवर होता, फोनसुद्धा लागत नव्हता. मधे येऊन गेला असेल.

सासूबाई स्टुलावर बसल्या आणि पाणी मागितलं. एवढ्या चालण्याची सवय नाही आता. सातही पुस्तकं त्यांनी विकत घेतली. मी म्हटलं, ओझं कशाला, आपण त्यालाच सांगू. "त्याला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मी सांगेन." आईला मुलाची गंमत करायची असेल.

७ तारीख, शनिवार

काल रात्री जेवल्या नाहीत, सकाळी नाश्ताही परत पाठवला. रक्तदाब मोजला, वाढलाय. गोळी दिली. उद्या पुढच्या गावी जायचं होतं, तर म्हणाल्या, "इथेच राहू. मला हेच दुकान आवडलं." मागच्या दुकानात खुनाच्या पद्धतीप्रमाणे कपाटं होती, तेव्हा दीड तासात बाहेर पडल्या. इथे नुसती चळत आहे आणि तीच त्यांना आवडली.

मी खाली पाव आणायला गेले होते, तेव्हा त्या कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. मी आत आले आणि फोन ठेवला. "कोण होतं?" "राँग नंबर." राँग नंबरशी एवढा वेळ?

९ तारीख, सोमवार

काय चाललंय मला कळत नाही. काल आणि आज दोन्ही दिवस सकाळी दहाला दुकानात जाऊन खिडकीपाशी बसल्या आणि पाचला उठल्या. पुस्तक हातात, नजर रस्त्यावर. पान उलटत नाहीत. मालकीणबाई मधूनमधून त्यांना चहा आणून देते आणि माझ्याकडे असं बघते, जणू मी आजारी आहे. मालकीणबाईशी त्यांचं काहीतरी बोलणं झालंय. कुठल्या भाषेत झालं देव जाणे.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर एकदम म्हणाल्या, "मालकांना काही कळवलंस का?"

"अजून नाही. कळवीन एक-दोन दिवसांत."

"सोडू नकोस नोकरी."

"का?"

"सतरा वर्षांची आहे."

"माझं लग्न एकोणीस वर्षांचं आहे," मी म्हटलं.

त्या गुडघे चोळत बसल्या. आणि मला लख्ख समजलं. गुडघे गेलेत, वाचनालय गेलं, आता सून गेली तर गोळ्या कोण देणार, रिपोर्ट कोण आणणार? म्हणून हा मुक्काम, म्हणून हे जेवण सोडणं. मी बोललेही. "आई, तुम्हाला मला त्याच्याकडे पाठवायचंच नाहीये, सरळ सांगा ना. मुलाचा संसार होऊ द्यायचा नाहीये तुम्हाला." असं मी म्हणाले. आम्हाला मूल झालं नाही, तेव्हा सगळे नातेवाईक बोलत होते आणि ह्या एकट्या बोलल्या नाहीत, म्हणून मी यांना वेगळं समजत होते. शेवटी सासू ती सासूच.

त्यांनी चादर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

१० तारीख, मंगळवार

बोलणं बंद. मालकांना निरोप टाइप केला, "नोकरी सोडत आहे." पाठवला नाही. चौदापर्यंत मुदत आहे, घाई कशाला.

११ तारीख, बुधवार

सासूबाई दुकानात गेल्या, मी मुद्दाम गेले नाही. खोलीत बसून करायचं काय? रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट नेलं की नाही ते बघायला त्यांची पिशवी उघडली. पाकीट राहिलेलंच होतं आणि त्याखाली ती सात पुस्तकं. वेळ जाईना, म्हणून एक वाचायला घेतलं. शेवटचं पान आधी उघडलं नाही. का कोण जाणे, यांच्याशी भांडून यांचाच नियम पाळला.

एकतीसवर पोचले. मासा आणि फूल. मग दुसरं पुस्तक उघडलं, मग तिसरं. सातही पलंगावर उघडी ठेवली.

अक्षरं लावणं हा माझा धंदा आहे. डॉक्टर घाईत आहे की चिडलाय, सही त्याची आहे की कंपाउंडरने केलीय, हे मी काउंटरपलीकडून सांगते. मासा आणि फूल एकाच पेन्सिलीने काढलेले आहेत. एका पुस्तकात टोक बोथट, तर दोन्ही खुणा जाड. दुसऱ्यात टोक केलेलं, तर दोन्ही बारीक. तीन पुस्तकांत फूल आधी आहे आणि मासा त्याच्यामागे जागा करून बसवलाय. नंतर घेणाऱ्याने फूल काढलं असेल, तर ते माशाच्या आधी कसं आलं?

आणि एका ओळीत. हा कायदा आमच्या वाचनालयाबाहेर कुणालाही माहीत नाही. तो कुणीतरी फूल काढणारीला शिकवला.

मग लाल खडू. मी त्या रेघोट्यांवर बोट फिरवत बसले. गोल गोल, जोर लावून, कागद फाटेपर्यंत. कुणीतरी लहान, खडू मुठीत धरणारं. किती वर्षांचं? दोन? दोन वर्षं तो घरी आला नाही.

सासूबाई पाच वाजता आल्या. पलंगावरची पुस्तकं त्यांनी पाहिली आणि दारातच उभ्या राहिल्या.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"चुकत असेन म्हणून." त्या खुर्चीत बसल्या. "एक्केचाळीस वर्षं वाचतेय. मला वाटतो त्याच्याऐवजी दर वेळी भलताच माणूस खुनी निघतो. म्हटलं, या वेळीही निघू दे."

मालकीणबाईने त्यांना पहिल्याच दिवशी हातवाऱ्यांनी सांगितलं होतं की महिन्यातून एकदा तिघं येतात, ढकलगाडी घेऊन. सासूबाई खिडकीत बसून त्यांचीच वाट बघत होत्या. तिघांतला तो आपला नसावा, एवढंच बघायचं होतं. आले नाहीत. शनिवारी फोनवर त्याने कबूल केलं होतं, तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मन मानत नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, चौदाच्या आत तू स्वतः तिला सांग. रोज "उद्या सांगतो" म्हणतोय.

"त्याच्या तोंडून कळायला हवं होतं तुला. माझ्या नाही," त्या म्हणाल्या. "आणि तोवर तू नोकरी सोडशील म्हणून जीव टांगणीला."

मी त्यांना काय काय बोलले होते! मी माफी मागितली नाही. गोळी दिली, पाणी दिलं.

१२ तारीख, गुरुवार

मीच फोन केला.

"मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

तो म्हणाला, "आईने सांगितलं?"

"मासे तू काढलेस."

"मुलगी," तो म्हणाला. "अगं, मी सांगणारच होतो."

"कधी?"

"तू आलीस की."

"नोकरी सोडून आले की?"

त्यावर तो रडायला लागला. मला वाटलं होतं मी ओरडेन. त्याऐवजी मी त्याला पाणी पी म्हटलं. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. मग तिचा आला, फुलाच्या पाकळ्या इतक्या काळजीने काढणाऱ्या बाईचा. मग वाटलं, तिला तरी माझ्याबद्दल ठाऊक असेल का? दुपारी पावाला लोणी लावता लावता मी पंधरा वर्षांपूर्वीच्या तपासण्यांचे आकडे आठवत होते. संध्याकाळी एक गाणं गुणगुणत होते, आणि लक्षात आल्यावर थांबले. मला नेमकं काय होतंय ते मला सांगता येत नाही. काउंटरवर असं कुणी आलं असतं, तर मी डॉक्टरकडे पाठवलं असतं.

मालकांना कळवलं, सोडत नाही. सोमवारी हजर.

मग सासूबाईंना म्हटलं, "उद्या सकाळच्या गाडीने जाऊन या."

"मला त्याचं तोंड बघायचं नाही."

"त्याचं नका बघू. तिचं बघा. तुमची नात आहे."

"तुला चालेल?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

१३ तारीख, शुक्रवार

सकाळी आठच्या गाडीत बसवून दिलं. सगळी पुस्तकं आणि औषधं असलेली मोठी पिशवी त्या घेऊन गेल्या. मी म्हटलं, छोटी न्या, संध्याकाळी तर येणार. "असू दे," म्हणाल्या. गाडी सुटल्यावर माझ्या डोक्यात आलं, एवढी पिशवी माणूस कधी नेतं?

दिवसभर मी गावात चालले. सहाच्या गाडीला स्टेशनवर होते, दोन कप चहा घेऊन. माणसं उतरली, जिन्याकडे गेली, प्लॅटफॉर्म रिकामा झाला. सासूबाई नाहीत. फोन लागला नाही.

बाकावर बसून दोन्ही कप मीच प्यायले. साहजिक आहे, मी स्वतःला सांगितलं. मुलगा तिथे, नात तिथे. मी कोण? मुलाची बायको म्हणून सून, आणि बायको तरी किती उरलेय मी? परतीच्या दोन तिकिटांपैकी एक रद्द कसं करायचं, त्याची चौकशी करून आले. घरातली त्यांची खोली बंद ठेवायची की उघडी, हेसुद्धा ठरवत होते. माझं लग्न मोडल्याचं कळलं त्याला दोन दिवस झाले, पण एकटी पडल्याचं कळलं ते त्या बाकावर.

सातची गाडी आली. सगळे उतरून गेल्यावर शेवटच्या डब्यातून आधी पिशवी उतरली, मग एक पाय, मग दुसरा.

मी धावले. "सहाची का चुकली?"

"झोपली होती मांडीवर. उठवेना." त्यांनी पिशवीचे बंद नीट केले. "सगळी पुस्तकं त्याच्यासमोर ठेवायला नेली होती, एकेक उघडून. पोरीपुढे पिशवी उघडावीशी वाटली नाही. तशीच परत आणली."

"कशी आहे?"

"गोड आहे," त्यांनी सांगितलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. "तुला खोटं कशाला सांगू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. दुखलं मात्र, खूप दुखलं, आणि ते दुखत असतानाच बरं वाटलं की पोरगी गोड आहे. हे दोन्ही एका वेळी कसं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही जिन्यापाशी आलो. त्या कठडा धरून थांबल्या. या वेळी आजूबाजूला बघतेय वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

"मालकांना सांगितलंस ना?"

"हो. सोमवारी येते म्हटलं."

"बरं केलंस." स्टेशन झाडणारा एक मिशीवाला माणूस झाडत झाडत आमच्यापर्यंत आला, वळसा घालून पुढे गेला. त्या तशाच उभ्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एक्केचाळीस वर्षं सगळ्या गावाला सगळ्यांसमोर प्रश्न विचारणाऱ्या माझ्या सासूबाईंचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"आणि गं, मी कुठे यायचं?"

इतके दिवस यांना हीच भीती होती, आणि तरी त्या मला नोकरी सोडू नकोस म्हणत होत्या, तरी मी त्यांना वाट्टेल ते बोलले, तरी आज परत आल्या.

"घरी, आई," मी म्हटलं. "आणखी कुठे?"

पिशवी त्यांच्या हातातून घ्यायला गेले, तर सोडेनात. मग एक बंद त्यांनी धरला, एक मी, आणि आम्ही जिना उतरायला लागलो.